बायनाबाईच्या मक्यावरचं कुंकू

त्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर ट्रक ड्रायव्हर जेवायला बसण्याआधी एकच चौकशी करायचे, कुंकवाचा मका कुठं पाहायला मिळतो? ढाबेवाले हातातला झारा तसाच पुढं करून आमच्या पिंपळधोंडच्या फाट्याची दिशा दाखवायचे. ज्या फाट्यावर एसटी थांबावी म्हणून आम्ही वर्षानुवर्षं दोन्ही हात हलवले, तिथं आता जीप, टमटम आणि माणसांनी खचाखच भरलेले टेम्पो आपणहून थांबू लागले. नारळवाले आले, फुलवाले आले, लिंबू सरबताच्या गाड्या आल्या. गावाला प्यायला पाणी नव्हतं, पण सरबत हवं तेवढं मिळत होतं.

मी जनावरांचा डॉक्टर. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावच्या सहकारी दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली होती आणि माझी नेमणूक तिथं होती. आजारी गाईंना सावली हवी म्हणून मी भांडून एक हिरवी जाळी मिळवली होती. एका सकाळी आलो तर गाई उन्हात धापा टाकतायत आणि जाळी गायब. ती बायनाबाईच्या रानात मांडव म्हणून टांगली गेली होती. तणतणत तिथं पोचलो, तर लोकांनी आधी मला चप्पल काढायला लावली.

मांडवाखाली पाटावर मक्याची सोललेली कणसं मांडली होती. खोटं कशाला बोलू, दिसायला ती फार देखणी होती. फिकट पिवळा दाणा आणि त्यावर लालसर जांभळे ठिपके. काही मोहरीएवढे, काही टाचणीच्या टोकाएवढे, तर एखाद्या दाण्याचा अर्धा गालच रंगलेला. हळदीवर कुणीतरी कुंकू शिंपडावं तसं ते दिसत होतं. बायका ओट्या भरत होत्या, पुरुष मोबाईलवर फोटो काढून आष्टी-गेवराईच्या पाहुण्यांना पाठवत होते.

पाटामागे सुग्रीव महाराज बसले होते. ते कुठून आले हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आमच्याकडं महाराज व्हायला एवढी पात्रता पुरते. भगवी लुंगी, खांद्याला लाल झोळी, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये.

"ह्याला मका म्हणू नगा," ते सांगत होते. "ही आईची ओटी हाय. आईनं एकेका दाण्याला बोट लावलंय. पाऊस कावून पडंना? आईला बसाया जागा न्हाई म्हणून. जागा द्या, पाऊस घ्या."

मग फायद्यांची पाठ केलेली यादी सुरू झाली. या दाण्याच्या दर्शनानं गुडघेदुखी जाते, अडलेली लग्नं जमतात, कोरड्या बोअरला पाणी लागतं. मागून कुणीतरी विचारलं, गावात मोबाईलला रेंज येईल का. महाराजांनी त्यालाही नाही म्हटलं नाही.

मला राहवलं नाही. रंग लावलेला असणार याची मला पक्की खात्री होती. माझ्या पिशवीत स्पिरिट होतं, कापूस होता. सगळ्यांच्या देखत एक कणीस उचललं आणि दाणे खसाखसा घासले. कापूस पांढराच राहिला. नखानं खरवडलं, तर ठिपका सालीच्या आत. गर्दी खदखदून हसली.

"डागदर," महाराज अगदी मायेनं म्हणाले, "तुमी म्हशीला सुई टोचा. आईच्या कुंकवाला टोचाया जाऊ नगा."

त्या दिवशी दर्शनाची रांग माझ्यामुळे दुप्पट झाली. संध्याकाळी म्हातारा आश्रुबा मुद्दाम छावणीत मला भेटायला आला. त्याचा मरायला टेकलेला बैल मी उभा केला होता, म्हणून वाटलं, हा तरी धीर देईल. त्यानं सांगितलं की साहेब, तुमच्या स्पिरिटनं आमचा विश्वास लई पक्का झाला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्यात बायनाबाईचं रान गुंतलं होतं. बायनाबाई पन्नाशीची विधवा. एकुलता मुलगा मुंजाजी बायकोला घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेलेला, अजून परतला नव्हता. साऱ्या शिवारात तिच्या एकटीच्या विहिरीला पाणी टिकून होतं, आणि छावणीतली जनावरं त्याच पाण्यावर जगत होती. संस्थेचे चेअरमन अर्जुनराव यांनी ती विहीर आधी भाड्यानं मागितली, मग विकत मागितली. टँकर भरून पाणी विकायचा त्यांचा बेत सगळ्यांना माहीत होता. बायनाबाईनं दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

आता महाराजांनी कुंकवाचा अर्थ लावून दिला. विधवेच्या रानात कुंकू सांडलं, त्या अर्थी आई बदल्यात काहीतरी मागतेय. विहिरीसकट रान देवस्थानाला लिहून दे, नाहीतर आई आपलं कुंकू परत घेईल, आणि ते तुझ्या सुनेच्या कपाळावरून घेईल. देवस्थानाचे अध्यक्ष अर्थातच अर्जुनराव. दानपत्राचा मुहूर्तही निघाला, येता गुरुवार.

मी बायनाबाईकडं गेलो तेव्हा ती वासरांसाठी पाणी शेंदत होती. माझा संताप तिनं शांतपणे ऐकून घेतला.

"डॉक्टरसाब, चेअरमनचा डोळा विहिरीवर हाय, हे मला बी कळतंय," ती म्हणाली. "पण पोरगं परमुलखात कोयता घेऊन उभं हाय. त्याला काही झालं, तर मी कुणाला विचारू? तुमचं स्पिरिट बी हारलं."

ठिपके खरे होते, हीच माझी पंचाईत होती.

रविवारी नीलम्मा मॅडम छावणीत आल्या. त्यांचे सासरे बसवराज अप्पा यांचं मांजरसुंब्याला किराणा दुकान आहे आणि त्यांच्या दोन म्हशी आमच्याकडं बांधलेल्या होत्या. मॅडम ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. मी त्यांना माझी स्पिरिटची हकीकत सांगितली, तेव्हा त्या इतक्या हसल्या की म्हशीनं रवंथ थांबवून वर पाहिलं.

"रंग जाणारच नव्हता," त्या म्हणाल्या. "तो मक्याचा स्वतःचा रंग आहे. असा मका जगात असतो, मी वर्गात त्याचं चित्र दाखवते. तुम्ही रंग खोटा आहे का ते शोधत बसलात. मला बघायचंय की हे बी पिंपळधोंडात आलं कसं."

महाराज दुपारची झोप घेत होते, तेवढ्यात आम्ही रानात शिरलो. बराचसा मका हिरवा असतानाच छावणीच्या चाऱ्यासाठी कापून नेला होता. फक्त बांधालगतचा तुकडा वाळेपर्यंत उभा ठेवला होता. बायनाबाईनं सांगितलं, हा आईचा वाटा, याला विळा लावू नका, असं महाराजांनी पेरणीच्या दिवशीच बजावलं होतं. मॅडम वाकून एकेक कणीस सोलून पाहत पुढं सरकल्या. ठिपक्यांची कणसं तीनच ओळींत होती. ती बांधापासून सुरू होऊन थोड्या अंतरावर संपत होती. शेजारच्या ओळींतली कणसं साधी पिवळी, त्यांत क्वचित एखादा ठिपकेवाला दाणा, वाऱ्यानं पराग उडून गेला असेल तेवढाच.

"देवी तिफणीनं चालते वाटतं," मॅडम म्हणाल्या.

आमची पेरणी तिफणीनं होते. वरच्या चाड्यात मुठीनं बी सोडायचं, ते तीन नळ्यांतून खाली तीन ओळींत पडतं. मॅडमनी बायनाबाईला विचारलं, चाड्यावर पहिली मूठ कुणी धरली होती?

बायनाबाई म्हणाली, माझी कशी असंल? आमच्या भागात पेरणीची पहिली मूठ सवाष्णीनं नाहीतर घरच्या पुरुषानं धरायची. विधवेचा हात आधी लागला तर बी उगवत नाही म्हणतात. मुलगा आणि सून टोळीवर, घरात दुसरं कुणी नाही. महाराज तेव्हा मारुतीच्या पारावर नव्यानं उतरले होते. ते आपणहून आले आणि म्हणाले, मी धरतो. संस्थेनं दिलेल्या बियाण्याच्या पोत्यात त्यांनी हात घातला, झोळीतलं अंगारा-कुंकू लावलं आणि आईचं नाव घेऊन बी सोडलं. त्यांची मूठ संपल्यावर उरलेलं सगळं रान बायनाबाईनं पेरलं. ते टरारून उगवलं आणि जनावरांनी खाल्लं. विधवेच्या हातानं उगवलेल्या त्या मक्याला मात्र कुणी चमत्कार म्हटलं नव्हतं, आणि याचा मला फार राग आला.

मला तिथल्या तिथं जाऊन आरडाओरडा करायचा होता. मॅडम म्हणाल्या, ओरडून एकदा हरलात ना? आता त्यांना पुन्हा मूठ धरू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारावाटपाच्या वेळी सगळं गाव छावणीत जमलं असताना मॅडम डोक्यावर पदर घेऊन महाराजांपुढं उभ्या राहिल्या. इतक्या नम्रपणे की मलाच शंका आली. त्यांनी विचारलं, आई जिथं कुंकू सांडेल तिथंच देऊळ व्हायला पाहिजे ना? महाराज म्हणाले, अलबत. मॅडम म्हणाल्या, बायनाबाईंचं रान ओढ्यापलीकडं, तिथं धड वाट नाही. चेअरमन साहेबांचं रान हायवेला लागून आहे. महाराजांनी तिथं मूठ धरली आणि तिथंही कुंकू पडलं, तर देऊळ रस्त्यावर होईल, लांबच्या भक्तांची सोय होईल.

छावणीनं टाळ्या वाजवल्या. अर्जुनरावांचा चेहरा उतरला. महाराजांचा मात्र उजळला. हायवेलगतचं रान, समोर ढाबे, गाड्या लावायला मोकळी जागा. त्यांनी आईला विचारायला डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"आई म्हणती, चालंल," ते म्हणाले.

अर्जुनराव घाईनं म्हणाले, माझ्या रानाला ओल नाही. बायनाबाई मागून म्हणाली, पाणी मी देते. पोरांनी तिच्या विहिरीवरून पाईप जोडले. दानपत्र तेवढ्यापुरतं पुढं गेलं. एका ताटात जेवणारे महाराज आणि चेअरमन त्या दिवसापासून एकमेकांशी धड बोलेनासे झाले.

रान भिजून पेरणीजोगा वाफसा आल्यावर पेरणी ठरली. गाव लोटलं. तिफणीला हार घातला, बैलांना कुंकू लावलं, संस्थेच्या बियाण्याचं पोतं सर्वांसमोर उसवलं. महाराज हात वर करून म्हणू लागले, "मका मका महामका, आई दे कुंकवाचा टिका." लोक मागून म्हणाले. मग त्यांनी पोत्यात हात घातला. पण ती मूठ पोत्यातून निघून सरळ चाड्यावर आली नाही. अंगाऱ्याचं निमित्त करून ती मध्येच लाल झोळीत जाऊन आली.

मी पुढं सरकायच्या आत अर्जुनरावांनी झडप घालून महाराजांचं मनगट पकडलं.

"थांब बे," ते म्हणाले. "मूठ उघड."

महाराजांचं मनगट धरायची गावात दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. पण हायवेचं रान हातचं जाणार, या विचारानं चेअरमन साहेब एका क्षणात कट्टर विज्ञानवादी झाले होते.

"चेअरमन, आईचा कोप व्हईल," महाराज दबल्या आवाजात म्हणाले.

"व्हऊ दे. रान माझं हाय."

मूठ उघडली. आत लालभडक दाणे. महाराज म्हणाले, संस्थेचंच बी हाय, झोळीतल्या कुंकवात मंतरलेलं. लोकांचा जीव भांड्यात पडला आणि अर्जुनराव ओशाळले. तेवढ्यात मॅडमनी बैलांना पाणी पाजायची बादली पुढं ओढली. त्या म्हणाल्या, मग धुऊन बघू की, मंत्र काही पाण्यानं जायचा नाही. खोडकर वासराचा पाय धरतात तसा मी महाराजांचा हात धरला आणि कोपरापर्यंत बादलीत बुडवला. पाणी लाल झालं. दाणे काढून सुपात टाकले. वरचं कुंकू निघून गेलं होतं आणि खाली पिवळ्या दाण्यांवर ते जांभळे ठिपके जसेच्या तसे होते. शेजारी पोत्यातले दाणे ठेवले, त्यांवर एकही ठिपका नव्हता.

आश्रुबानं सूप डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"मंजे आईनं रानात काही टाकलं न्हाई," तो म्हणाला. "ह्यानंच झोळीत घालून आणलंतं."

झोळी उलटी केली, तेव्हा तसलीच आणखी दोन कणसं पडली. महाराजांचा आवाज आता लहान झाला आणि त्यांनी सगळं कबूल केलं. पूर्वी ते दूर कुठंतरी बियाण्यांच्या संशोधनाच्या शेतावर मजुरीला होते. तिथं एका कोपऱ्यातल्या वाफ्यात हा मका पाहिला आणि चार कणसं लुंगीत बांधून आणली. कुंकवात कालवलेलं बी कुणी ओळखत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. विहिरीची कल्पना कुणाची, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. अर्जुनरावांनी पुन्हा पकडलेलं मनगट तेव्हा घाईनं सोडलं. महाराजांना पुढं पोलिसांनी ढाब्यावर जेवताना उचललं. अर्जुनरावांना मात्र कुणी उचललं नाही, फक्त संस्थेच्या पुढच्या निवडणुकीत लोकांनी घरी बसवलं.

पण त्या सकाळी गाव जागचं हललं नाही. महाराज लबाड, हे ठीक. मग ठिपके टाकले कुणी? मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न तुम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. त्यांनी आश्रुबाला विचारलं, छावणीच्या फाटकात म्हैस बसली तर काय होतं? आश्रुबा म्हणाला, काय व्हायचंय, चाऱ्याचा ट्रॅक्टर अडतो, दावण उपाशी राहती.

"तसंच हे," मॅडम म्हणाल्या. "दाण्याला रंग द्यायचा हुकूम मक्याच्या प्रत्येक पेशीत लिहिलेला असतो. त्याच लिखाणात काही तुकडे असे असतात, जे एका जागी टिकत नाहीत. उठतात आणि दुसरीकडं जाऊन बसतात. असा तुकडा रंगाच्या हुकमावर येऊन बसला की रंग बंद, दाणा पिवळा. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो उठून गेला, की त्या पेशीपासून जेवढ्या पेशी तयार होतील तेवढ्यांना रंग येतो. लवकर उठला तर मोठा डाग, उशिरा उठला तर बारका ठिपका."

हे शोधून काढलं अमेरिकेतल्या एका बाईनं. वर्षानुवर्षं मक्याच्या रानात उभं राहून, दाण्याशी दाणा ताडून. बरीच वर्षं भल्याभल्यांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं नाही. तिनं कुणाला शाप दिला नाही, पुन्हा पेरून दाखवलं.

मॅडम आता वर्गात असल्यासारख्या रंगात आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मक्याच्या वारशाचा निम्म्याहून अधिक भाग असल्या भटक्या तुकड्यांचा आहे. बहुतेक कुठंतरी बसून नुसते पडून राहतात, काही नुकसान करतात. एखादा मात्र अशा जागी बसतो की झाडाचं रूपच पालटतं. मक्याचा पूर्वज म्हणजे मेक्सिकोतलं एक झुडपासारखं गवत, बुडापासून फुटवे फुटणारं, कणसात मोजके टणक दाणे. फार प्राचीन काळी असा एक तुकडा फुटव्यांच्या हुकमाजवळ जाऊन बसला होता. त्यानं फुटवे आवरले, एकच ताट, म्हणजे खोड, सरळ वर वाढू लागलं. तिथल्या शेतकऱ्यांनी ते ताट ओळखलं, त्याचं बी राखलं, परत पेरलं, परत निवडलं. असे इतरही बदल साठत हजारो वर्षांत गवताचा मका झाला.

"मंजे त्या भटक्यानं मका घडवला?" आश्रुबानं विचारलं.

"त्यानं बदल करून दिला. कामाचा कुठला आणि बिनकामाचा कुठला, हे माणसांनी निवडलं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडं बी निवडून कोण ठेवतं?"

बायका एकमेकींकडं पाहून हसल्या. बी त्याच निवडतात, राख लावून त्याच ठेवतात. फक्त पहिली मूठ धरायची वेळ आली की त्यांतल्या काहींना मागं उभं करतात. बैल अजून जुंपलेलेच होते आणि वाफसा वाया घालवण्यात शहाणपण नव्हतं. मॅडमनी बायनाबाईला पुढं बोलावलं. कुणीतरी मागं पुटपुटलं. बायनाबाईनं पोत्यातून मूठभर बी घेतलं, ते सुपावर पसरून सगळ्यांना दाखवलं, पुन्हा मुठीत घेतलं आणि चाड्यावर हात धरला. अर्जुनरावांना ती म्हणाली, न्हाई उगवलं तर मला सांगा. त्यांना सांगायला जावं लागलं नाही. तो मका छावणीच्या जनावरांनी पावसाळ्यापर्यंत खाल्ला, आणि माझ्या गाईंना त्यांची जाळीही परत मिळाली.

पेरणीच्या त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी विहिरीवर गेलो. बायनाबाई वासरांना पाणी पाजत होती. आता सगळं उघड झालं, आता भीती गेली ना, असं मी मोठ्या उत्साहानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "पोरगं दारात येईस्तोवर न्हाई जायची. त्या महाराजानं म्हटलेलं कानातून जात न्हाई. पण डॉक्टरसाब, भ्या वाटतंय म्हणून रान लिहून द्यायचं, हे कुठलं शहाणपण? भ्याचं मी बघून घेईन. रान माझ्या पोराचं हाय."

मी अंधश्रद्धेवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत आणि एकदोन दिलीही आहेत, पण याहून सरळ बोलणं मला सुचलेलं नाही. भीती वाटणं हा गुन्हा नाही. फक्त तिच्या सांगण्यावरून सही करू नका, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.